हेड मीच खोलणार

३ जानेवारी, शनिवार. सकाळ.
अंगणात पुन्हा काळं थारोळं. ट्रकच्या इंजिनाच्या हेडवरून ऑइल ओघळून राहिलं. चप्पल चिकटली. सोडवाले गेलो तं दुसरा पाय बायकोच्या, मंजुषाच्या, रांगोळीत. शी!

संकल्प: वसंतपंचमीच्या आत ट्रक टकाटक. मंजुषा अन् तिची मोठी बहीण बेबीताई अकोल्यात, जठारपेठेत, मिरची-मसाला कांडायचं दुकान उघडून राहिल्या. पंचमीले उद्घाटन. कांडपाची मशीन मात्र इथं अमरावतीत, आमच्या ओसरीत. ती माह्याच ट्रकमधून जाईल, असं मी सासरच्या सगळ्यांले सांगून बसलो.

संध्याकाळ.
श्याम मिस्त्री पाहून गेला. म्हणे, "केशवभाऊ, वरच्या झाकणाची पॅकिंग वाळली. तेवढी बदलू. झाकणाखालच्या हेडले हात नका लावू." बोलता बोलता तंबाखूचा खर्रा थुंकला. माह्या टायरवर! असल्या माणसाच्या हाती इंजिन द्याचं? स्वतः करीन. मोबाइलवर सगळे व्हिडिओ आहेत.

६ जानेवारी, मंगळवार.
झाकणाचे बोल्ट आवळले. जितकं घट्ट तितकं पक्कं, साधा नियम. एक बोल्ट तुटला. आजकाल लोखंडात दम नाही. (ट्रक नव्याण्णवचा आहे. पण लोखंड तेव्हापासूनच बिघडाले लागलं होतं.)
गळती वाढली. आतला दबाव मोकळा होत असावा. चांगलं लक्षण.

९ जानेवारी, शुक्रवार.
बाजारातली पॅकिंग थर्ड क्लास. घरीच पुठ्ठ्याची कापली. मंजुषाच्या मसाल्याच्या खोक्यांचा पुठ्ठा मस्त जाड आहे. ती म्हणे, "काहून फाडले? त्याच्यावर दुकानाचं नाव छापलं होतं." म्हटलं, नाव आतून लावतो, कोणाले दिसत नाही.
संध्याकाळपर्यंत पुठ्ठा रश्यात पडलेल्या पोळीसारखा लोंबाले लागला. वास असा, की जेवण गेलं नाही. वरणाले ऑइलची चव. पाण्यालेही. माणसानं जगावं कसं?

११ जानेवारी, रविवार.
रोग झाकणात नाहीच, हेडमध्ये आहे. हे मले पहिल्या दिवशीच वाटलं होतं. हेड खोललं. शेजारचे खुशालराव एका बाजूनं, मी दुसऱ्या. आतमध्ये नुसती काजळी अन् काळा चिकटा. कोण्या जन्माची घाण! न्हाणीत नेऊन डिझेलनं धुतलं. न्हाणी काळी, बादली काळी, टॉवेलही गेला.
मंजुषा आंघोळीले खुशालरावांकडे गेली. स्वच्छतेचं काम चालू असलं की लोकांले नेमकी तेव्हाच किळस येते.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
मंजुषानं हळदीकुंकू ठेवलं होतं. हेडचे नटबोल्ट मी दिवाणखान्यात ओळीनं मांडले होते, बाया त्याच्यातून वाट काढत आल्या. एकीच्या नव्या साडीच्या काठाले ऑइल लागलं. ओरडली किती! तिळगूळ वाटाले मी मदत केली, तं प्रत्येक लाडवावर माह्या बोटाचा काळा ठसा. कोणी तोंडात टाकला नाही. सणासुदीले असा अपमान.
बाया गेल्यावर मंजुषानं सगळे नटबोल्ट उचलून अंगणात नेऊन ठेवले. म्हणजे काम पटून राहिलं तिले.

१८ जानेवारी, रविवार.
हेड बसवलं. दोन नट उरले. कंपनी जास्तीचे देत असणार.
चालू झाला! पहिल्याच झटक्यात नाही, पण झाला. पांढरा धूर निघाला, खुशालरावांच्या वाळत घातलेल्या धोतराचं जरा वाईट झालं. बाहेरची गळती एकदम बंद. ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल चहासारखं झालेलं, वर साय आल्यासारखी. खुशालराव म्हणाले, पाणी शिरलं आत. त्यांले काय कळते? नवं अन् जुनं ऑइल एकजीव व्हाले वेळ लागते.

२१ जानेवारी, बुधवार.
विश्वासघात. चांदूर रेल्वेहून मेहुणा रोहित आला, नवा पिकअप घेऊन. मंजुषानं बोलावलं, मले न विचारता. म्हणे, "जिजाजी, मशीन मी नेतो. तुमी आरामात या." तोंडावर गोड हसू. तसल्या हसण्याचा मले तिटकारा आहे.
मी म्हटलं, ट्रक तयार आहे. मंजुषा मशीनचे दोर बांधता बांधता थांबली. म्हणाली, "बायांनी मिरच्या आणून ठेवल्या तिथं. पहिल्याच दिवशी मी खोटी पडू का? एवढ्या वर्षांत एक गोष्ट माह्या नावानं होऊन राहिली."
मी म्हटलं, म्हणूनच तं माह्या ट्रकमधून नेऊ.
ती म्हणाली, "मले मशीन पायजे तिथं. ट्रक नाई पायजे."
गेली. जाताना म्हणाली, एस.टी.नं या. एस.टी.नं? मी?

२३ जानेवारी, शुक्रवार. वसंतपंचमी.
सकाळीच ट्रक घेऊन निघालो. रिकामाच, पण रुबाबात. बडनेऱ्यापर्यंत सोन्यासारखा चालला. मूर्तिजापूरच्या पुढं गरमीचा काटा लालमध्ये गेला, वाफ आली, मग आतून ठाण् असा आवाज. बंद. ढाब्यावरचे लोक चहा घेऊन पाहाले आले, जसा तमाशाच.
फोन लावला. बेबीताईनं उचलला. "भाऊजी, लय वाट पाहिली. मग फोडला नारळ." मागून मशीनचा आवाज येऊन राहिला होता.
काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून जठारपेठ गाठली. दुकानासमोर बायांची रांग. मंजुषा मशीनपाशी, नाकाले रुमाल, भुवया तिखटानं लाल, शिंकत होती अन् हसत होती. असं हसताना तिले मी किती दिवसांनी पाहिलं, आठवलं नाही.
मले पाहून म्हणाली, "कशालेच हात नका लावू. पयले हात धुवा."
रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, हे कोण? बेबीताई म्हणाली, "आमचे भाऊजी. त्यांचा ट्रक आहे." म्हातारीनं रस्त्यावर दोन्हीकडं पाहिलं. मीही पाहिलं.

२७ जानेवारी, मंगळवार. अकोला.
श्याम मिस्त्रीचा फोन. ट्रक ओढून त्याच्या गॅरेजवर आणला. इंजिन जाम. पातूरचा एक भंगारवाला विचारून राहिला म्हणे. मी म्हटलं, कळवतो.
मंजुषा म्हणाली, मिरचीचा सीझन संपेपर्यंत ती इथंच. "तुमाले राहाचं असंल तं राहा. पोते उचला, गिऱ्हाईक पाहा. पण मशीनले हात लावाचा नाई." मी हो म्हटलं. वाद घालण्यात काही अर्थ नसते.

दुपारी मशीन अचानक घर्रघर्र कराले लागली. पट्टा एका बाजूले सरकून राहिला. कारण मले तेव्हाच समजलं. दोन मिनिटांचं काम. पाना समोरच पडला होता. मंजुषानं मशीन बंद केली, अन् सगळ्यांत आधी माह्याकडं पाहिलं.
मी दोन्ही हात खिशात घातले.
बेबीताईनं विचारलं, "काहून भाऊजी, थंडी वाजते का?"
म्हटलं, हो.