मामाची नवरी

आई,

इथूनच दोन्ही तळवे वाजवून तुला नमस्कार करतो. लुआंडात मी ठीक आहे. फुंजे रोज पोटभर मिळतं, फक्त तुझ्यासारखं कुणी घोटत नाही. खोकलाही कमी आहे.

मुखवट्यांच्या दुकानातलं काम सोडलं. घाबरू नकोस, कोरणाऱ्या हाताला कुठेही काम मिळतं.

झालं असं. मी एक प्वो कोरली, आपल्या आद्य आईचा मुखवटा. गालांवर आसवांच्या रेघा, कपाळावर आपल्या लोकांची खूण. इतकी देखणी बाई माझ्या हातून आजवर उतरली नव्हती. मालक म्हणाला, "झकास. पण कोरी दिसते. चार महिने ओल्या मातीत पुरून ठेव, जुनी म्हणून विकू."

मी म्हटलं, "आमच्यात मुखवटा पुरतात तो नाचवणारा मेला की, त्याच्यासोबत. इथं कोण मेलंय?"

तो हसला. "अरे, लाकडाला काय कळतंय?"

"लाकडाला नसेल, मला कळतं," म्हटलं आणि तिला काखोटीला मारून निघालो. लाकूड माझंच होतं.

मामाचे गुडघे कसे आहेत? जन्मभर मुखवटे नाचवून झिजलेत ते. गेल्या पत्रात तू त्याच्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाहीस. अंथरुणाला खिळलाय का? खरं सांग.

शनिवारच्या बसने येतोय. तुझ्या भावाला सांग, तांब्याची अंगठी काढून ठेव, नवरी आणतोय. नवरीचं मोल म्हणून कोरणाऱ्याला, म्हणजे मला, अंगठी दिल्याशिवाय ती त्याची होणार नाही. आणि तिला नाचवल्याशिवाय मी त्याला मरू देणार नाही.

तुझाच हट्टी,
सामुइंबा