वेसाव्याची एक सीट

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी दुसरीत होते. आता सतराची झाले, आणि शाळा आठवीतच सुटली. फी-बीचं कारण नाही. बाईंनी उभं केलं की घशातून शब्दच निघायचा नाही, पोरं हसायची, एक दिवस गेलेच नाही. आई ओरडली नाही. ती नर्सिंग होममध्ये आया आहे, सकाळी जाते, घर मी बघते आणि तबेल्यातून दूध आणते. तोच चाळीमागचा तबेला, जिथे तुम्ही घोडा बांधायचात. अंधेरी स्टेशनबाहेर जिथे तुम्ही टांगा लावून वेसाव्याच्या सीटा भरायचात, तिथे आता रिक्षा लागतात.

तबेल्यातच मागच्या भिंतीला एक घोडी बांधलेली दिसली. पांढरी, वरातीची. लग्नं संपल्यावर मालक बांधून गेला तो आलाच नाही. फासळ्या वर आलेल्या, खूर वाढून चपलेसारखे पुढे वळलेले, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. तबेलेवाला भैया म्हणाला, "ये तो गई समझो, बेटी. भैंस होती तो मैं संभाल लेता." मी किटली खाली ठेवून तिच्या डाव्या बाजूने गेले तर ती अशी दचकली, दोरी तुटता तुटता राहिली. आणि मला तुमचं ओरडणं आठवलं. मी आपल्या घोड्याच्या मागून गुपचूप येतेय, तुम्ही बखोटीला धरून मला ओढताय. "मुकी आहेस काय? आवाज देत ये! न बोलता आलेलं माणूस घोड्याला भूत वाटतं!" केवढी रडले होते मी. मग तुम्ही मला टांग्यात पुढे बसवून वेसाव्यापर्यंत नेलंत.

आईला घाबरत घाबरत सांगितलं. तिने कॉटखालची ट्रंक ओढली, तुमचा खरारा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लाथ खाऊन घरी येऊ नको." बस, एवढंच. कुर्ल्याचा नालवाला आला, तुमचं नाव काढत खूर कापून गेला. जखमा मी कडुनिंबाच्या पाण्याने धुवायचे. उपाशी जनावराला एकदम पोटभर घालायचं नाही, थोडं थोडं वाढवायचं, हे तुमचंच. गवत मूठमूठ वाढवत नेलं. आसपास कोणी नसलं की तिच्याशी हळू बोलायचे. हळूहळू अंग भरलं, खराऱ्याखाली कातडी चमकायला लागली.

मग दसरा आला. तुमच्या घोड्याची पूजा करायची ना सगळी चाळ, तशी हिची पण करायची ठरली. झेंडूची माळ, कुंकू, इथपर्यंत झकास. मग एकेक हात पुढे यायला लागला. भिजवलेले चणे, गूळ, पुऱ्या. मी म्हटलं "नको", पण ते माझं मलाच ऐकू आलं.

"खाऊ दे गं, सणाचा दिवस आहे! उपाशी ठेवतेस काय बिचारीला?"

दुपारी ती घामाने भिजली. वळून वळून पोटाकडे बघते, पाय आपटते, बसायला जाते. पोटात दुखणारा घोडा लोळला तर आतडं पिळतं आणि खेळ खलास, हे तुमच्यामुळे मला माहीत. तिला चालवायला पाहिजे. पण ती जागची हलेना. वरातीची आहे, बाजावर चालेल म्हणून पोरांनी डबे बडवले, तर अजूनच बिथरली. भैया म्हणाला, "वाट लग गई." तिचे पुढचे गुडघे वाकले. मी लगाम धरला, तोंड उघडलं आणि निघालं काय तर, "चला वेसावा! वेसावा एक सीट! एऽक सीट! बाजू!"

तिने कान वळवला. उठली. चालली.

सगळी चाळ बघतेय आणि मी चाळीपुढच्या मैदानाला फेऱ्या मारत ओरडतेय. थांबले की ती पण थांबायची. वरच्या मजल्यावरची मालवणी काकी गॅलरीतून म्हणाली, "अगे बाये, हिका तोंड आसा!" पोरं फिदीफिदी हसली. पोरांचं हसणं ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. घसा बसला तरी ओरडत होते. उन्हं उतरली तेव्हा कुठे तिने शेपटी वर केली आणि लीद टाकली, पोट मोकळं झालं. भैयाने टाळी वाजवली. बाबा, त्या लिदीला चाळीने टाळ्या वाजवल्या!

आता ती तबेल्यातच असते. वरातीला जात नाही, भैयाच्या गवताचे भारे वाहते. लहान पोरं मला बघून "एक सीट!" ओरडतात, मी पण कधीकधी उलटून ओरडते.

हे पत्र कुठे टाकायचं, ट्रंकेतच राहील. एक सांगायचं राहिलं. ते शब्द तुमचे, पण तुमचा आवाज मला आठवत नाही. खूप आठवून बघते, येतच नाही. त्या दिवशी मी ओरडत होते तेव्हा आई कामावरून आली होती, मैदानाच्या कडेला डबा हातात घेऊन उभी राहिली, शेवटपर्यंत हलली नाही. तसंच ओरडायचे का तुम्ही, हे तिला विचारता येईल. अजून विचारलं नाही.