ठिपकीचे थेंब

३ फेब्रुवारी

आणली! आणली एकदाची घरी!

पोरगी माझ्या हातात आणि तिची पिशवी नवऱ्याच्या. पिशवीत औषधंच औषधं — लोहाचे थेंब, 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब, दुधात मिसळायची पूड. दोन महिने आधी टपकल्या बाईसाहेब, घाई कसली होती कोण जाणे! शेवटच्या दोन महिन्यांत बाळ आईच्या पोटात जो साठा करून घेतं, तो हिला मिळालाच नाही. निघताना डॉक्टरबाईंनी पुन्हा समजावलं, "शिदोरी न घेताच निघालीय ती. आता आपण ती थेंबाथेंबाने बांधून द्यायची."

दारात आई उभी. आम्हा दोघींना सांभाळायला मुद्दाम राहायला आलीय. दुपटं बाजूला करून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे बाळ कुठलं? ही तर ठिपकी!"

झालं. नाव पडलं.

८ फेब्रुवारी

दुनियेचे कपडे शिवते मी, आणि पोटच्या पोरीला एक कपडा बसेना! दुकानातलं सगळ्यात लहान झबलं घातलं तर ठिपकी त्यात हरवली. शेवटी नवऱ्याचा चांगला रुमाल कापला. "विचारायचंस तरी!" म्हणाला. रुमालाला कोण विचारतं?

झबलं मात्र झकास बसलं.

१५ फेब्रुवारी

रक्ताचा रिपोर्ट आला. 'ड' जीवनसत्त्व अगदीच कमी. हाडं कच्ची राहतील, डॉक्टरबाई म्हणाल्या. कच्ची म्हणजे किती? तर उचलताना, कुशीवर वळवतानासुद्धा जपायचं. माझा धीरच सुटला. दवाखान्यातच भोकाड पसरलं. माझं दूधच निकस असणार, दुसरं काय!

"कुठल्याच आईच्या दुधात 'ड' पुरेसं नसतं," बाई म्हणाल्या. "निकस-बिकस काही नाही. रडून अंगातलं पाणी घालवू नका, दुधाला लागेल ते."

थेंब वाढवले. रोज द्यायचे, एक दिवसही चुकवायचा नाही. घरी येऊन तिघांना मिळून एकच धसका — चुकायला नको!

२ मार्च

वजन वाढलं! नवऱ्याने काट्याचा फोटो काढून छापखान्यात सगळ्यांना दाखवला. मालकालाही सोडलं नाही म्हणे.

१८ मार्च

ठिपकीचं काहीतरी बिनसलंय. दूध ओढत नाही. ओढलं तर निम्मं बाहेर. पोट साफ नाही, किरकिर चालू. आई तिला मांडीवर घेऊन पायाच्या तळव्यांना हळूहळू चोळत बसते आणि जगभरच्या गप्पा मारते. "तुझी आई तुझ्यापेक्षा चौपट होती गं, आणि दहापट रडायची." ठिपकी टुकूटुकू बघते. मी हसले, आणि दवाखान्याची वेळ घेतली.

थेंबांची बाटली संपली. इतक्यात?

२१ मार्च

'ड' जीवनसत्त्व वाढलंय! कमी नाही, जास्त. बरंच जास्त. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं. "थेंब कोण देतं?"

"मी," मी म्हणाले.

"मीपण," नवरा म्हणाला. "म्हणजे कामावरून आल्यावर. हिला झोप नसते, म्हटलं विसरली असेल."

आणि आई शांतपणे म्हणाली, "दुपारी मी देतेच की."

तिघांनी तिघांवर अविश्वास दाखवून एकाच पोरीला तीन-तीनदा पाजलं! बाई हसल्या नाहीत. 'ड' अंगात साठून राहतं, रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, वाढतो, मूत्रपिंडांवर येतं. एवढीशी मूत्रपिंडं, घेवड्याच्या दाण्याएवढी! अति तिथे माती म्हणतात ते असं. थेंब बंद. नवी आणलेली बाटली नवऱ्याने वरच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

घरी आल्यावर मात्र तिघेही हसलो. हसता हसता मला रडू आलं. किती ती माया, आणि तीच बाधली.

४ एप्रिल

ठिपकी माझ्याकडे बघून हसली! नवरा म्हणतो, वारा सरला असेल. सरू दे. मी ते हसूच धरणार.

२० एप्रिल

रिपोर्ट चांगला! पातळी खाली आली. थेंब परत सुरू, पण अगदी मोजके. "आणि एकाच माणसाने द्यायचे," बाईंनी बजावलं.

ते माणूस कोण, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. आईच! माझी झोप अर्धवट, नवरा मुळात धांदरट. आई म्हणजे वसतिगृहाचं स्वयंपाकघर एकहाती चालवलेली बाई. पोरांची पंगतच्या पंगत जेवून उठायची, पण भाजीत चिमूटभर इकडचं तिकडे नाही. आईवर सोपवलं आणि मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

२९ एप्रिल

आई थेंब देते ते बघत राहावंसं वाटतं. आधी हात धुणार. मग ठिपकीला उजेडाकडे तोंड करून घेणार. थेंब गालाच्या आतल्या बाजूला, म्हणजे ठसका लागत नाही. "चाट गं माझे बाई, हाडं कशी लोखंडासारखी होतील, मग आजीला पळवशील." हनुवटी पदराने टिपणार. ठिपकी मिटक्या मारते!

मला असं कुणी भरवलं तर मीही कडू काढा आनंदाने पिईन.

६ मे

आज भाजी तोंडात घालवेना, इतकी खारट. नवरा बिचारा पाणी पीत जेवला, म्हणाला, "छान झालीय." आई खळखळून हसली. "लक्ष सगळं नातीत! हात मीठ टाकतो आणि डोळे पाळण्यात."

शिवणाची दोन कामं घेतली. बरं वाटलं मशीनवर बसून.

१४ मे

पुन्हा तेच. उलट्या. वजन जागच्या जागी. बाईंनी लगेच रक्त घ्यायला लावलं. एवढ्याशा हातात सुई! मी बाहेर जाऊन उभी राहिले.

'ड' पुन्हा जास्त. गेल्या वेळेपेक्षाही जास्त! रक्तातला चुनाही वाढलाय. उद्या मूत्रपिंडांची तपासणी. आम्ही म्हणालो, देणारं माणूस एकच आहे. बाई म्हणाल्या, "असं कसं होईल?"

मला एकच उत्तर सुचलं. घरी येताच नवऱ्यावर धावून गेले. "अजून देतोस ना चोरून? आईवर विश्वास नाही ना तुझा?" त्याने ठिपकीच्या डोक्यावर हात ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. मी ऐकलं नाही. नाही नाही ते बोलले. आई मध्ये पडली, "जावईबापूंना नको गं बोलूस. बापाचा जीव आहे."

तो जेवला नाही.

१५ मे

मूत्रपिंडं ठीक आहेत! ठीक आहेत! बाई म्हणाल्या, वेळेत आलात, पण आता एक थेंबही नको. ठिपकीला दोन दिवस इथेच ठेवून घेतलंय, नळीतून पाणी चढवतायत.

तपासणीच चुकली असेल, असा माझा हेका. बाईंनी रक्त दुसऱ्या ठिकाणी पाठवलं. आकडा तोच.

नवरा बाकावर माझ्याशेजारी बसला. चहा दोघांचा आणला, माझ्यात साखर जास्त, मला आवडते तशी. मी अजून अबोला धरून आहे.

१७ मे

ठिपकी घरी आली. थोडी सुकलीय, पण दूध ओढतेय! मी पाळण्याशेजारीच मशीन मांडलं.

आईला कालच सांगितलं होतं, थेंब बंद. "बरं झालं बाई सांगितलंस," म्हणाली. बाटली फडताळात तशीच राहिली, डोक्यातच आलं नाही माझ्या.

सकाळी आईने हात धुतले, बाटली काढली. मी उठून म्हणाले, "आई, बंद केलंय ना." "अगो बाई, हो की!" तिने बाटली ठेवली. दुपट्यांच्या घड्या घातल्या. मग पुन्हा हात धुतले, पुन्हा बाटली काढली. "बोलण्याच्या नादात पोरीचं औषध राहिलंच बघ!" पुन्हा सांगितलं. पुन्हा "अगो बाई, हो की!" तस्साच गोड आवाज. घड्या संपल्या. तिसऱ्यांदा तिने ठिपकीला उजेडाकडे वळवलं. "चाट गं माझे बाई —"

मी बाटली तिच्या हातातून घेतली. आई माझ्याकडे बघून हसली. "घाबरू नकोस गं. एक दिवस चुकवलेला नाही मी."

१८ मे

नवऱ्याची माफी मागितली. त्याने आधी मला जवळ घेतलं, मग आईला.

डॉक्टरबाईंना फोन केला. "काय म्हणते ठिपकी?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, ठिपकी बरी आहे. आईला कुणाकडे दाखवू?