शिट्टीखालची पाटी

कराड,
३ मे २०२५

चि. निशिगंधास अनेक आशीर्वाद.

आई तुझ्याकडे रमली असेल. आप्पांना जाऊन वर्ष होतंय, म्हणून इथली माजी सैनिकांची संघटना समारंभ करून त्यांच्या वस्तू शाळेतल्या काचेच्या कपाटात मांडणार आहे; आई परतली की तिला स्टेजवर बसवायचं आहे. पदकं दिली, टोपी दिली. पितळी शिट्टी मात्र सापडत नाही, आणि सगळ्यांना हवी आहे तीच. एकाहत्तरच्या लढाईत धुक्यात, सुरुंग पेरलेल्या शेतात भरकटलेले अकरा जवान त्या शिट्टीच्या आवाजावर परत आले, हे तुला नव्याने सांगायला नको. आईच्या पर्समध्ये बघ. खालच्या पाटीसाठी तुझ्या छान मराठीत चार ओळीही लिहून पाठव. उगाच फाटे फोडू नकोस.

जावईबापूंना नमस्कार, ईप्सिताला पापा. लोभ आहेच, तो पत्राच्या उत्तरातही दिसू दे.

तुझा,
सत्यजितदादा

डार्मश्टाट,
१८ मे २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

शिट्टी आईच्या पर्समध्येच आहे, पासपोर्टशेजारी. चार ओळी मात्र मी लिहिणार नाही. ते अकरा जण मला पाठ आहेत, दर रविवारी जेवताना तेच वाढले जायचे. आप्पा शत्रूशी तेरा दिवस लढले आणि रिटायर होऊन आल्यावर आमच्याशी अडतीस वर्षं. एका शिट्टीला चहा, दोन शिट्ट्यांना आंघोळीचं पाणी. तिसरी वाजवावी लागली की ताट भिंतीवर. तू होस्टेलवर होतास, तुला शौर्यच दिसणार.

आमच्या खिडकीखाली स्पोर्टप्लाट्झ, म्हणजे खेळाचं मैदान आहे. शनिवारी तिथे पोरांचा ट्रेनर शिट्टी वाजवतो. आई हातातला घास ताटात टाकून उठते, दारापर्यंत जाते आणि ओशाळून परत येते. काल ईप्सिताने जर्मनमध्ये विचारलं, आजीला कोण बोलावतंय. मला त्या माणसाची किळस येते, दादा, आणि त्याला हार घालणाऱ्या तुम्हा सगळ्यांची कीव. उद्या ऑफिसला र्युसेल्सहाइमला गेले की शिट्टी माइन नदीत टाकणार आहे. आईला सांगितलेलं नाही.

वहिनीला नमस्कार. राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
निशा

त्याच पाकिटात,
१८ मे

चि. सत्यजितास अनेक आशीर्वाद.

निशा पाकीट उघडं ठेवून ईप्सिताला पोहायला घेऊन गेली, तेव्हा तिचं पत्र मी वाचलं. शिट्टी काढून माझ्या बटव्यात ठेवली आहे. घरी राहिली तर कुणीतरी वाजवेल, म्हणून तर ती बरोबर आणली होती.

अकरा जणांचं खरं आहे. त्यातला एकजण दरवर्षी गुळाची ढेप घेऊन यायचा आणि ह्यांचे पाय धरून रडायचा. मी त्याच्यासाठी चहा ठेवायचे, तोही शिट्टीवरच. निशा लिहिते तेही खरं आहे. तिने कमीच लिहिलंय.

मी स्टेजवर बसणार नाही. शिट्टी कपाटात ठेव आणि कुलूप लाव. पाटी मी सांगते तीच हवी. एक अक्षर बदललंस तर शिट्टी मिळणार नाही.

‘सुभेदार विष्णू यांची शिट्टी. हिच्या आवाजावर अकरा जण जिवंत परत आले. हिच्याच आवाजावर त्यांची बायको अडतीस वर्षं भरल्या ताटावरून उठली. तिचं नाव कुंदा.’

आज रविवार, मैदान बंद आहे. पोटभर जेवले. सूनबाईला आशीर्वाद, आणि आईवर लोभ असू दे.

तुझी,
आई