माणूस चांगला होता

४ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस एकदाचा पार पडला! ऑफिस म्हणजे चावीवाल्यांच्या दुकानावरची एक खोली: दोन टेबलं, एक खिडकी आणि दिवसभर खालून कानशीची खरखर. मॅडमनी कामही आवडीचं दिलंय. छोट्या दुकानांच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू दाखवणारं प्लगइन बनवायचं. दुकानदाराने आपल्या पानावर दोन ओळी चिकटवल्या की झालं. राहायची सोय काकांकडे आहे. पुढे त्यांचं चष्म्याचं दुकान, मागे घर. माझ्या नोकरीचं कौतुक ते नंबर तपासायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात. काकू म्हणते, अहो, त्यांना आधी अक्षरं तरी वाचू द्या.

१३ तारीख, बुधवार
प्लगइन चाललं! पहिला मान चावीवाल्यांचा. खाली जाऊन त्यांना रिव्ह्यू वाचून दाखवले. कुणी लिहिलं होतं, सुट्टीच्या दिवशी घरी येऊन कुलूप उघडून दिलं. कुणी लिहिलं होतं, हातात जादू आहे. ते लाजून कानस पुसत राहिले. म्हणाले, बायकोने जन्मात कधी एवढं म्हटलं नाही, मला छापून दे, घरी नेऊन दाखवतो.

१५ तारीख, शुक्रवार
एक चमत्कारिक चूक. पानावर ‘हातात जादू आहे’चं ‘हातात जादू होती’ झालंय. गिऱ्हाइकाने लिहिलेला मूळ मजकूर तपासला, तिथे ‘आहे’च आहे. क्रियापदाला हात लावणारी एक ओळसुद्धा मी लिहिलेली नाही. संध्याकाळपर्यंत सगळेच रिव्ह्यू बदलले. माणूस चांगला होता. शब्दाला जागायचे. मॅडम हसल्या. म्हणाल्या, व्याकरणाला सोमवारी बघू.

१८ तारीख, सोमवार
चावीवाले काल गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आज खालून काहीच आवाज नाही.

२० तारीख, बुधवार
योगायोग असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण आज प्लगइन लावलेल्या इस्त्रीवाल्या बाईंच्या पानावर ‘बाई फार मायाळू होत्या’. धावत गेले. दुकान बंद करा, डॉक्टरांकडे चला, म्हणून त्यांचा हात धरला. त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, कपाळाला हात लावून ताप बघितला. म्हणाल्या, आईची आठवण येतेय का गं पोरी?

२२ तारीख, शुक्रवार
बाईंचं शटर खाली. बाहेर माणसं उभी होती. मी पुढे गेले नाही.
मॅडमना सगळं सांगितलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. दोघींनी मिळून प्लगइन काढून टाकलं, मुळापासून. मग पानं उघडून बघितली. रिव्ह्यू तिथेच. मॅडम पर्स उचलून निघून गेल्या. फोन उचलत नाहीत.

२५ तारीख, सोमवार
काकांनी आपल्या दुकानाच्या पानावर माझं प्लगइन कधीच लावलंय. मला चकित करायचं होतं म्हणे. कौतुकाने उघडून दाखवलं. सगळीकडे ‘आहे’. मी रडले, काढा म्हटलं. त्यांनी लगेच काढलं, का म्हणूनही विचारलं नाही. पान तसंच.

२६ तारीख, मंगळवार
डॉक्टर म्हणाले, काका ठणठणीत आहेत. घरी आलो तर एक ओळ बदललेली — ‘हसत हसत चष्मा बसवून द्यायचे.’
काकूला सांगितलं. अभद्र बोलू नकोस म्हणाली. मग स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ नुसती —

२७ तारीख
मीच नवे रिव्ह्यू लिहितेय. काका आहेत. काका हसतात. पाठवते, पानावर येतात, आणि डोळ्यांदेखत — होते. हसायचे. किती भरभर लिहू —
काका डोकावून गेले. म्हणाले, डोळ्यांना एवढा ताण बरा नव्हे.

२८ तारीख
एकच उरलाय. काकूचा. ‘जरा विसराळू आहेत, पण माझे आहेत.’ त्यावरून नजर हलवत नाहीये. पापणीसुद्धा —

होते.

पुढे दुकानात काका कुणाशी तरी बोलताहेत. ऐकू येतंय. येत होतं —

काकू हाक मारतेय. मला उठवत नाही. मी इथून उठेपर्यंत काका आहेत. पुन्हा हाक. अगं लवकर ये, म्हणतेय. आले म्हटलं, आणि लिहितेच आहे —