उलट बाजूने वाचलेला शब्द

४ मार्च, सकाळचे सव्वासात

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आत्ताच शिडीवरून उतरलो. औषधाच्या दुकानाच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर पुरं केलं, बोटं रॉकेलने पुसली आणि फळीवर कागद ठेवून बसलो. मालक यायला अजून अवकाश आहे.

परवा तुझ्याकडून निघालो तो सुखरूप पोहोचलो. आईने दारातच विचारलं, तपासण्यांचं काय झालं. मी सांगितलं, रक्त जुळलं, बाकी सगळं स्वच्छ आहे, फोटोत दोन्ही किडन्या जागच्या जागी आहेत. एक ताईला, एक मला. ते ऐकून ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. साखरेपायी तिचं नाव पहिल्याच दिवशी बाद झालं, ते तिला अजून टोचतं.

भाऊजींना सांग, त्यांनी लिहून दिलेली उत्तरं मी शब्दन्‌शब्द पाठ केली होती. देणाऱ्याला एकट्याला आत बसवून प्रश्न विचारतात त्या समुपदेशक बाईंसमोर मी एकही विसरलो नाही.

एक विचारायचं होतं. एका गिऱ्हाइकाच्या कागदावर इंग्रजी शब्द पाहिला. हाफ-हार्टेड. हाफ मी तिकिटाच्या खिडकीवर रंगवला आहे, हार्ट डॉक्टरांच्या पाटीवर. दोन्ही मिळून काय होतं ते कळत नाही. काही आजार आहे का? तू इंग्रजीची बाई, म्हणून तुला विचारतो. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर माझं तोंड शिवल्यासारखं होतं, तुला माहीतच आहे.

पथ्य पाळ. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
टिंब


९ मार्च

चि. टिंबास,
अ. उ. आ.

डाव्या हातात सुया, उजव्या हातात पेन, अशी मी मशीनला बांधलेली आहे. चार तास कुठे जायचं नाही, त्यामुळे तुझं पत्र दोनदा वाचलं. एकही टिंब घसरलेलं नाही. लहानपणी माझ्या वहीतली विसरलेली टिंबं तू पेन्सिलीने देत बसायचास, ते आठवलं.

आता तुझा शब्द. आजारबिजार काही नाही रे. मन नसताना, वरवर, एकदाचं उरकावं म्हणून केलेलं जे असतं ते हाफ-हार्टेड. हात पुढे येतो, पण माणूस मागेच राहतो. वापर कसा करतात विचारशील, तर उदाहरणं घे. माझ्याशी भांडून भाऊजी केर काढतात, मधली फरशी लख्ख आणि कोपरे तसेच, तो केर हाफ-हार्टेड. मुख्याध्यापकांच्या भाषणानंतर आम्ही शिक्षक टाळ्या वाजवायचो, त्या टाळ्या हाफ-हार्टेड. कपाळावरच्या आठ्या न उतरवता मागितलेली माफीसुद्धा. प्रयत्नाला, हसण्याला, आमंत्रणाला, कशालाही लावता येतो. माणसाला लावला तर मात्र फार लागतो. मी इतकी वर्षं शेरे लिहिले, पण एकाही मुलाला तो लावला नाही. कुठल्या शहाण्याला हा शब्द पाटीवर हवा आहे? त्याला म्हणावं, दुकान चालणार नाही.

तुला तर हा शब्द शिवायचा नाही. एका वेलांटीवर अर्धी सकाळ घालवणारा माणूस तू.

पलीकडच्या खुर्चीवर शिंपीणबाई बसायच्या, तुला पाहून, भाऊ पाठवलाय का देवाने, असं म्हणाल्या होत्या, त्या. सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. आज चादर बदललेली दिसते आहे. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

अहवाल आठवडाभरात येईल म्हणतात. तो आला की तारीख. रात्री मला वाटतं तारीख लवकर यावी, आणि सकाळी तुझं तोंड डोळ्यांपुढे येतं. असो. आईला नमस्कार. मनातली जागा तुझी तुझ्याकडेच आहे, भाडं वाढवणार नाही.

तुझी,
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. अर्थ कळला. तो शब्द रंगवायचा नाही असं ठरलं.

इकडे सर्व ठीक. काल दुसऱ्या एका पाटीवर 'औषधे'मधला ध राहून गेला. मालक म्हणाले, तुझ्या हातून असं पहिल्यांदाच झालं, झोप होत नाही का. मी म्हणालो, होते.

शिंपीणबाईंचं वाचून वाईट वाटलं. तुझी खुर्ची खिडकीजवळची घे, तिथे उजेड असतो.

तुझा,
टिंब


२१ मार्च

चि. टिंबास,
अ. उ. आ.

हे पत्र आईच्या हाती पडू देऊ नकोस.

परवा रुग्णालयातून बोलावणं आलं. एवढंच सांगितलं की देणारा योग्य नाही. भाऊजींनी कारण विचारलं, तर म्हणाले, ते आम्ही सांगत नाही. भाऊजी कसे आहेत तुला ठाऊक आहे. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, मी बाही ओढत राहिले. शेवटी बाहेर येऊन बाकावर बसले आणि चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

माझं जाऊ दे. दुसरं कुणी भेटेल, यादीत नाव आहे. पण टिंब, तुझं काय? रक्त जुळलं होतं, फोटो चांगले होते, मग योग्य नाही म्हणजे काय? त्यांना तुझ्यात काहीतरी सापडलं आहे, आणि ते तुला सांगत नाहीत. माझंही असंच सुरू झालं होतं, आधी नुसता थकवा वाटायचा, झोप जायची. आणि तू लिहितोस, अक्षर राहून गेलं.

तिकडच्या चांगल्या डॉक्टरांकडे उद्याच्या उद्या जा. सगळं पहिल्यापासून तपासून घे. फोन केला तर तू बरा आहे म्हणशील, म्हणून लिहिते आहे. लिहिताना तुला खोटं बोलता येत नाही, तुझा हात थांबतो. आईला दोन आजारी लेकरं झेपणार नाहीत. मी एकटी पुरे आहे.

लगेच उत्तर पाठव. तोवर मी तुझीच वाट बघते आहे, यादीची नाही.

तुझी,
ताई


२५ मार्च, दुपारचे दोन

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानामागच्या खोलीत रंगाच्या डब्यांमध्ये बसून लिहितो आहे. हा चौथा कागद.

मला काहीही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. हे आधी वाच, मग पुढचं वाच.

तो शब्द गिऱ्हाइकाच्या कागदावर नव्हता. त्या समुपदेशक बाईंच्या कागदावर होता, आणि माझ्याबद्दल होता.

त्या दिवशी बाईंनी दार लावून घेतलं. पहिला प्रश्न विचारला, हे करायला कुणी सांगितलं का. मी म्हणालो, नाही, हा माझा स्वतःचा निर्णय आहे. भाऊजींच्या कागदावर तसंच होतं. दुसरा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर बाहेर पडलं होतं. तिसरा मात्र त्यांनी कागदावर नसलेलाच विचारला, रात्री झोप लागते का. आणि मी म्हणालो, मला अजिबात भीती वाटत नाही, ताईसाठी मी काहीही करीन. बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या की इथलं बोलणं बाहेर जात नाही. तुमचं मन नसेल तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की देणारा योग्य नाही. कारण कुणालाही सांगत नाही. तुमच्यावर बोल येत नाही. तसं सांगू का, म्हणाल्या.

ताई, मी नको म्हणायला हवं होतं. मी समोरचा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी प्यायलो. आणि खरं सांगतो, आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. बाईंनी तेवढ्यात लिहायला घेतलं. दुकानांच्या काचेवर आतून रंगवताना अक्षरं उलटी काढावी लागतात, त्यामुळे समोरच्याचा कागद वाचणं मला जड जात नाही. एकच शब्द नीट दिसला.

मला वाटलं होतं, शब्दाचा अर्थ वेगळा निघेल. तू उदाहरणं लिहिलीस, भाऊजींचा केर वाचून मी हसलोसुद्धा, आणि मग पुढची ओळ आली, की मला हा शब्द शिवायचा नाही. तेव्हापासून झोपलेलो नाही.

रुग्णालय असं सांगेल तेव्हा तू माझ्याच काळजीने घाबरशील, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी फक्त माझा विचार केला. मला भूल देतात त्याची भीती वाटते. त्यातून उठलोच नाही तर आईचं काय, हे वाटतं. एका किडनीवर शिडी चढता येईल का, हे वाटतं. तू दर दोन दिवसांनी सुया टोचून घेतेस आणि मी हे लिहितो आहे, याची लाज वाटते.

रागाव. पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
टिंब


२९ मार्च

चि. टिंबास,
अ. उ. आ.

तू ठणठणीत आहेस हे वाचून मी इतक्या मोठ्याने हुश्श म्हणाले की नर्स धावत आली, मशीन बिघडलं की काय बघायला. पुढचं वाचून रडले. मग राग आला. तो अजून थोडा आहे, लपवत नाही.

भाऊजींना सांगितलं. मला वाटलं, आकाशपाताळ एक करतील. ते एवढंच म्हणाले, उत्तरं मी लिहून द्यायला नको होती, पोराला पोपट केला मी. मग स्वयंपाकघरात जाऊन केर काढला. कोपऱ्यांसकट.

आता माझं ऐक. मी तुला कधी विचारलं का, मला किडनी देशील का म्हणून? आठवून बघ. भाऊजींनी विचारलं, आईने तुझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. कान मात्र दाराशी होते. तू नाही म्हणालास तर ते माझ्या तोंडावर म्हणू नयेस, एवढ्यासाठी. इंग्रजीची बाई तुला शब्द शिकवते, पण माझं मागणं तरी कसं होतं? त्यालाही तोच शब्द लागतो.

म्हणून तुला सांगते, येऊ नकोस. तू आता हो म्हणालास तरी मी घेणार नाही. लाजेपोटी दिलेलं माझ्या पोटात राहणार नाही. शिंपीणबाईंच्या खुर्चीवर आता एक शाळकरी मुलगी येते. तिला मी स्पेलिंगं घालते, ती मला हरवते. माझे दिवस जात आहेत.

रात्री भीती वाटते, हे खरं. दम लागला की वाटतं, हाच तो. पण ती माझी भीती आहे, तू तुझी सांभाळ. शिडीवर चढताना खाली कुणाला तरी धरायला सांगत जा.

राग उतरेल. बाकी जे आहे ते उतरणारं नाही.

तुझी,
ताई


८ एप्रिल, दुपारचे पावणेचार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्याच गावच्या बसस्थानकावर बसून लिहितो आहे. माझी बस लागायची आहे. तिकीट मी माझं काढलं, कुणी पाठवलं नाही. आईला फक्त, कामाला जातो, म्हणालो. तुझ्या गल्लीच्या तोंडावरून गेलो. तुझी खिडकी उघडी होती. वर आलो असतो तर तू परत पाठवलं असतंस, म्हणून सरळ पुढे गेलो.

त्या बाईंना भेटलो. त्यांनी मला ओळखलं. आज काय पाठ करून आलात, असं विचारलं. मी म्हणालो, काही नाही. खूप अडखळलो. त्यांनी तोच प्रश्न विचारला, झोप लागते का. मी म्हणालो, नाही. मग भुलीचं सांगितलं, आईचं सांगितलं, शिडीचं सांगितलं. शिडीचं त्यांनी नीट समजावलं, महिना-दोन महिने जपावं लागेल, पुढे चढता येतं. मग तुला न लिहिलेलं एक होतं, तेही सांगितलं. मी दिली आणि ती तुझ्यात चाललीच नाही तर? मग मी कुणाकडे बघायचं? हे सांगताना मी रडलो. शर्टाच्या बाहीवर निळा रंग होता तो तोंडाला लागला. बाईंनी रुमाल दिला, तोही निळा झाला.

त्यांनी विचारलं, एवढी भीती आहे तर आलात कशाला. मी म्हणालो, भीती मागच्या वेळीही होती, तेव्हा ती दाबून आणली होती. माझी ताई दर खेपेला शेजारची खुर्ची बघून घरी जाते. मला शिडीवर तीच खुर्ची दिसते. नाही दिली तर ती भीती जन्मभर राहील. दिली तर निदान निम्मी तिच्याबरोबर वाटून घेता येईल. मी नाही म्हणालो तरी तुम्ही घरी सांगणार नाही, हे मला माहीत आहे, तरीसुद्धा आलो आहे.

बाई म्हणाल्या, घाबरलेला माणूस आणि मन नसलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात, मागच्या वेळी तुम्ही मला दोघांतला फरक दिसूच दिला नाही. आता पंधरा दिवस थांबायचं. पुन्हा एकदा एकट्याने भेटायचं. मधल्या काळात केव्हाही मागे फिरलो तर चालतं. मग त्यांची समिती ठरवेल.

मग त्यांनी लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या. कागद माझ्या समोरच होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. समोरच्या दुकानाच्या पाटीचा तळाचा रंग पोपडे धरून सुटला होता, तिच्याकडे बघत बसलो. त्या शब्दाच्या जागी आता काय आहे, ते मला माहीत नाही.

तू लिहिलंस, येऊ नकोस, मी घेणार नाही. ते मी पुष्कळदा वाचलं. त्यातलं किती तुझ्या मनातून आलं आणि किती माझी लाज झाकायला, ते कागदावरून कळत नाही. तू मला विचारलं नाहीस हेही खरं. पण मीही कधी तुला विचारलं नाही. सगळं भाऊजींच्या कागदावरून झालं. म्हणून आता विचारतो.

ताई, माझी एक किडनी घेशील का?

वरचं अक्षर वाकडं आलं आहे, ते मी दुरुस्त केलेलं नाही. उत्तराची घाई नाही, पंधरा दिवस आहेत. भाऊजींना विचारून लिहू नकोस, आईसाठी लिहू नकोस. मशीनवर बसलीस की मोकळ्या हाताने लिही, हो किंवा नाही, पण सबंध मनाने. जे येईल ते वाचायला मी शिडीवरून खाली उतरेन.

बस लागली.

तुझा,
टिंब