घाबरलेल्या राजाची निशाणी

बोईसर,
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय दर्पणभाऊ,

प्रभूच्या नावात सलाम. आपण एका खोलीत चार वर्षं एकाच स्टोव्हवर भात शिजवला, तेव्हा मी तुला नुसतं दर्पण म्हणायचो. आता तू पुण्याला दोन वर्षं शिकून बायबलच्या भाषांतराचा सल्लागार झालास, म्हणून भाऊ लिहितो. मी बरा आहे. तूही बराच असशील. काळजी करायची कामं तू इतरांना वाटून देतोस.

व्हॉट्सॲपवर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून कागदावर लिहितो आहे.

तुझी सूचना मिळाली. यशया संदेष्ट्याच्या त्या उताऱ्यात आपण पाड्यावरच्या बोलीत ‘तरणी पोर’ लिहिलं आहे, ते काढून ‘कुमारी’ घालायचं. खालची टीप उडवायची. ऐकणाऱ्यांच्या यादीतून तानीचं नाव काढायचं. ‘सर्वांना अर्थ स्पष्ट झाला’ असं लिहून अहवालावर सही करायची. सही पोचली की जानेवारीपासून मला कायम करणार. हे शेवटचं तू वेगळ्या ओळीत लिहिलंस. सगळ्या सूचनेत तीच एक ओळ नीट उतरली आहे. बाकी ‘संदेष्टा’ हा शब्द तू दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिला आहेस आणि दोन्ही चुकीच्या आहेत.

मी सही केलेली नाही. का ते सांगतो.

या कामाआधी मी कंपनीत औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायचो, ते तू विसरला नसशील. पाळी संपून बसमध्ये बसलो तरी माझे डोळे समोरच्याच्या डब्यावरचं नाव तपासत असायचे, आणि तू हसायचास. तिथे नियम एकच होता. जे छापलं आहे ते वाचायचं, जे छापायला हवं होतं ते नाही. अकरावी नापास माणसाला तो नियम आठ दिवसांत कळला. तुला पुण्यात दोन वर्षांत कुणी सांगितला नाही असं दिसतं.

आपल्या ऐकणीचा नियमही तोच आहे. ज्यांनी उतारा कधी ऐकला नाही त्यांच्यासमोर तो वाचायचा, प्रश्न विचारायचे, आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. सुधारायचं नाही, शिकवायचं नाही. हा नियम तूच मला शिकवलास. तू ऐकणीला कधी आला नाहीस ही गोष्ट वेगळी. जालन्याच्या माणसाला आमची बोली रिक्षा ठरवण्यापुरती येते, तेवढी तुला पुरते.

तर मी वाणगावहून आत डोंगराकडे गेलो आणि रखमाबाईच्या ओट्यावर बसलो. रखमाबाई, तिची भाची तानी, आणि शेजारचा म्हातारा जिवल्या. तिघांपुढे वाचलं. मी पूर्ण वाचलं, दर्पण. तुला एक ओळ पाठ आहे, नाताळच्या कार्डावरची. बाकीचं तू विसरला असशील म्हणून लिहितो.

यरुशलेमचा राजा आहाज. त्याच्यावर शेजारचे दोन राजे एक होऊन चालून येत आहेत. वाऱ्याने रान हलावं तसं त्याचं आणि त्याच्या माणसांचं काळीज हलतं आहे. संदेष्टा त्याला म्हणतो, भिऊ नकोस, देवाकडे निशाणी माग, हवी तेवढी मोठी माग. राजा म्हणतो, मी नाही मागणार, मी देवाची परीक्षा बघणार नाही. संदेष्टा वैतागतो. म्हणतो, मग देवच देईल. ती पोर गरोदर आहे, तिला मुलगा होईल, ती त्याचं नाव ‘देव आपल्यासंगं’ असं ठेवील, आणि त्या पोराला वाईट टाकून चांगलं उचलायची अक्कल येण्याआधी, ज्यांना तू भितोस त्या दोघांचे देश ओस पडतील.

मी पहिला प्रश्न विचारला. राजानं निशाणी का नाही मागितली?

रखमाबाई विडी कानामागे खोचत म्हणाली, “मागली तं मंग करावा लागल ना! देवाचं नाव पुढं केला, का बसून ऱ्हायला बरा.”

“लय सोज्वळ बोलतो तुमचा राजा,” जिवल्या म्हणाला. “आमचा सरपंच आसाच बोलतो.”

ही पोर कोण?

तानी म्हणाली, “राजा वळखत आसल तिला. तितंच कुठं उबी आसल. नायतं त्याला कशी दाखवल?”

मग तू लिहून दिलेला प्रश्न मी विचारला, तुझ्याच शब्दांत. हे मूल सातशे वर्षांनी जन्मणार होतं असं तुम्हांला वाटतं का? जिवल्याला ठसका लागला. “सातशे वर्सांनी? आरं, दुश्मन दाराशी न् निशाणी सातशे वर्सांनी? तवर राजाची माती झाली. मला ताप आला न् तू माज्या नातवाच्या नातवाला गोळी देशील?”

हे मी असंच लिहून पाठवलं, आणि तू समासात लाल शाईने लिहिलंस, ‘ऐकणारे अडाणी, विनोद टाळावा.’

अडाणी ते नाहीत. मूल चांगलं-वाईट ओळखेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, तेवढ्यात तुझं संकट सरेल, असा मुदतीचा निरोप त्या भित्र्याला दिला आहे. हे तिघांना एका वाचनात कळलं. मत्तयाने पुढे आपल्या शुभवर्तमानात तेच वचन तारणाऱ्याच्या जन्माला लावलं. ते मी मानतो, नाताळात तुझ्यापेक्षा सुरात गातो. जुन्या ग्रीक भाषांतरात कुमारी आहे, हिब्रूत तरणी मुलगी आहे, त्यावर ज्यूंचे आणि आपले पंडित दोन हजार वर्षं भांडत आले. मला हिब्रू येत नाही. तुलाही येत नाही, तू अक्षरं ओळखतोस. म्हणूनच टीप हवी. वाचणाऱ्याला दोन्ही कळू दे. पण तुला वाटतं, टीप दिली की विश्वास गळतो. तुझा विश्वास एवढा पातळ आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि तानीचं. कुठून ऐकलंस कुणास ठाऊक, पण तू लिहिलंस, ‘लग्नाविना पोटुशी असलेली बाई या वचनाच्या यादीत शोभत नाही, लोक हसतील.’ कोण हसतील? यादी तुझ्या कपाटात जाणार. ती बाई सहाव्या महिन्यात तीन तास ओट्यावर बसली, दोनदा उठून पाठ ताठ केली, आणि तिघांत सगळ्यात नेमकी उत्तरं तिने दिली. तिचं नाव मी काढणार नाही.

कळव. घाईत कळवू नकोस, तुझं शुद्धलेखन आणखी बिघडतं.

तुझा,
मिथुन

*

बोईसर,
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

दर्पण,

सलाम. तुझं पाच पानी उत्तर मिळालं. चार पानांत तू मला नम्रता शिकवलीस. ती बाजूला ठेवली आहे. पाचव्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे, ‘मिथुन, तुला तिचा महिना कसा माहीत?’

इतक्या वर्षांत तू माझं लिहिलेलं नीट वाचलंस असं पहिल्यांदा झालं.

पाकीट बंद करण्याआधी ते पत्र मी तीन वेळा तपासलं होतं. एक वेलांटी दुरुस्त केली. ती ओळ तीनही वेळा डोळ्यांखालून गेली.

आता जे मी तेव्हा लिहिलं नाही ते लिहितो. शेवटचा एक प्रश्न होता, तुझ्याच यादीतला. ही पोर लग्नाची की बिनलग्नाची? रखमाबाईने माझ्याकडे बघून उत्तर दिलं. “लगीन झाला का नाय, ता हितं कुठं सांगलाय? आमच्यात पोरं होतात, जमल तवा लगीन लागतं. कदी आईबापाचा न् पोरांचा एकाच मांडवात लागतं. ता कोण नाय इचारत. पोराचा बाप पुढं येतो का नाय, ता इचारतात.” मी पेन धरून बसलो. ती म्हणाली, “लिव ना. बाकीचा तं खोकला बी लिवतोस.”

 तानी पायाच्या नखाकडे बघत होती.

मी लिहिलं : ‘ऐकणारीला प्रश्न कळला नाही.’

अक्षर नेहमीसारखं सुबक आहे, काढून बघ. तू एका कुमारीसाठी दोन ओळी बदलायला सांगितल्यास म्हणून मी तुझ्यावर चार पानं थुंकलो, आणि त्याच अहवालात माझी ओळ खोटी होती. तुझा खोटेपणा निदान धर्मासाठी होता. माझा माझ्यासाठी.

मूल माझं आहे. एप्रिलपासून मी ऐकणीला जातो, रखमाबाईकडे मुक्कामाला राहतो. तानीने मला जुलैत लावणीच्या वेळी बांधावर सांगितलं. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते मला पाठ आहे : “चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारतो, प्रार्थना करतो, देवाची इच्छा काय ती बघू.” ती चिखलाच्या हाताने कपाळ पुसत म्हणाली, “देवाला काय इचारतोस? त्याला ठावं हाय.” मी वडीलधाऱ्यांना विचारलं नाही. प्रार्थनाही केली नाही. चार महिने मी त्या वाक्यामागे बसून राहिलो. आहाजला भित्रा लिहिताना मागच्या पत्रात माझा पेन किती दाबून चालला आहे बघ, मागच्या बाजूने कागद उठला आहे.

माझी आई त्याच बाजूची. आमच्यात याला पाप म्हणत नाहीत. पाप हा शब्द मी तुमच्यात येऊन शिकलो आणि सोयीचा वाटला तेव्हा अंगावर पांघरला. मंडळीत म्हणायचं, पाड्यावरची रीत आड येते. पाड्यावर म्हणायचं, मंडळी आड येते. दोन्हीकडे मी शुद्ध.

काल रविवारी प्रार्थनेला गेलो नाही. पाड्यावर गेलो. खळ्यावर सगळे होते, भाताची झोडणी चालली होती. तानी पाखडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने सूप थांबवलं नाही.

“कोणाला इचारून आलास?”

“कोणाला नाय.”

“मंग जाऊन इचारशील.”

“नाय.”

जिवल्या पेंढ्यावर बसून बघत होता. “आज कागद नाय आणला? मंग कामाचा हाय!” सगळे हसले. रखमाबाई हसली नाही. ती म्हणाली, “सगळ्यांच्या कानावर पडल आसा बोल, बाबा. मी बहिरी हाय आता.” ती बहिरी नाही. मी बोललो. जोरात, सगळ्यांपुढे, की पोर माझं आहे. माझा आवाज फाटला आणि त्यावर पोरीबाळी पुन्हा हसल्या.

तानीने सूप माझ्या हातात दिलं आणि पाठीला हात लावून खाली बसली. मला पाखडता येत नाही. अर्धा दाणा मी कोंड्यात उडवला. तिने तो गोळा करून परत सुपात टाकला, तीन वेळा. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

अहवाल सोबत पाठवतो आहे. ‘तरणी पोर’ तशीच आहे, टीप तशीच आहे, तानीचं नाव आहे. रखमाबाईचं उत्तर आता पूर्ण लिहिलं आहे. शेवटच्या पानावर एक रकाना असतो, ऐकणी घेणाऱ्याचं ऐकणाऱ्यांपैकी कुणाशी नातं असल्यास लिहावं, असा. तो मी मोकळा सोडला होता. आता भरला आहे. त्यामुळे नियमाने ही ऐकणी बाद होते, हे मला तुझ्याआधी माहीत आहे. ती दुसऱ्या कुणाकडून पुन्हा करून घे. स्वतः जाणार असलास तर उतारा राजापासून वाच, पोरीपासून नको.

जानेवारीचं तुझं तू ठरव. मला सध्या भात भरायचा आहे.

मिथुन
तानीचा नवरा (लग्न व्हायचं आहे)